वायरीला बांधलेला वैशाख

पुन्हा बेंजो वाजायला लागलाय. खालच्या आळीत कुणाची तरी हळद आहे, आणि दुपारपासूनच पोरं आवाज तपासून बघतायत. हळदीचा बेंजो ऐकला की दुसऱ्या कुणाचे पाय थिरकत असतील. माझे डोळे मात्र आधी पंख्याकडे जातात. पंखा मंदावला का? ट्यूब फडफडली का? लग्नसराई म्हटली की लोकांना मोगरा आठवतो, जेवणावळी आठवतात, आमरसाची वाटी आठवते. मला व्होल्टेज आठवतं. काय करणार! एका वैशाखानं माझं डोकंच तसं करून ठेवलंय.

आमचं घर साजगावात. एका अंगाला खोपोली, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, आणि मान वर केली की घाट. त्या घाटाच्या अंगावरून पाण्याचे मोठाले पाइप खाली उतरलेले दिसतात. वरचं पाणी त्यांतून धडधडत खाली येतं, खाली त्याची वीज होते. लग्न होऊन लोधिवलीहून इथं आले तेव्हा ह्यांनी मला पहिल्यांदा तेच दाखवलं होतं. दुसऱ्यांचे नवरे समुद्र दाखवतात, बाग दाखवतात. आमच्या ह्यांनी पाइप दाखवले. वर म्हणाले, "बघ गं, आपल्या गावात वीज पिकते." मी तेव्हा नवी नवरी, हसले नुसती. पुढं दुपारच्या दुपारी लाइट जायला लागली की मी त्यांना विचारायची, "अहो, पीक कुठं गेलं?"

हे खोपोलीच्या स्टँडवर टॅक्सी चालवतात. स्टँडवर त्यांना सगळे सुधाशेठ म्हणतात. शेठ कसले आणि काय, पण आमच्याकडं चार चाकं असली की माणूस शेठ होतो. मी घरी ब्लाऊज शिवते. म्हणजे दोघांचीही सुगी एकच. वैशाखात लग्नं लागली की त्यांना भाडी आणि मला ब्लाऊज. पावसाळ्यात दोघं माशा मारत बसणार, हे ठरलेलं. म्हणून हा एक हंगाम आम्ही जिवाचं रान करून काढायचो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझी मशीन. तिला मोटर बसवलेली. पाय नुसता टेकवायचा की सुई पळत सुटायची. ती मोटर माझ्या हौसेची होती. ती आली तेव्हा मी तिला हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि हे आठवडाभर मला चिडवत होते.

त्या वैशाखाआधीची आमची गाडी म्हणजे डिझेलची जीप. म्हातारी झाली होती, खोकायची, धूर ओकायची, पण बाहेरून आली की तिचं बॉनेट छान गरम असायचं. आळीतली एक पांढरी मांजर रोज संध्याकाळी त्या बॉनेटवर येऊन झोपायची. मग रसायनीतल्या एका कंपनीनं सांगितलं की आता साहेबांना न्यायला-आणायला बिनधुराची गाडी हवी. विजेची असेल तर वर्षभर आठवड्यातले काही दिवस काम, बाकीचे दिवस स्टँड. जीपचीही पासिंगची मुदत संपतच आली होती. ह्यांनी फार विचार केला नाही. चैत्रात इलेक्ट्रिक गाडी दारात उभी राहिली. पांढरीशुभ्र, आवाज नाही, वास नाही. मांजर संध्याकाळी आली, उडी मारून बॉनेटवर बसली, जरा वेळानं उठली आणि निघून गेली. बॉनेट गारच होतं ना! त्यानंतर ती आमच्या दारात झोपायला कधी आली नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

गाडीला जाडजूड प्लग लागतो. घरात तसा बोर्ड एकच, माझ्या मशीनपाशी, मी इस्त्रीसाठी बसवून घेतलेला. वायरमन आला, त्यानं जुनी वायरिंग बघितली, डोकं खाजवलं आणि मलाच सुनावलं, "वहिनी, गाडी लागली की इस्त्री लावायची नाय, मोटर लावायची नाय. पंखा एकच चालवा. नाय ऐकलंत तर आधी लाइट जाईल, मग घर जाईल." मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी छताकडं बघितलं. "मोठा मीटर मागू आपण," ते म्हणाले. "येईल महिन्याभरात." अहो, तो मीटर!

मोटर मी उतरवली, जुन्या परकरात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मशीनला परत चामड्याचा पट्टा चढवला. पायानं मशीन मारायची सवय मोडून वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी पोटऱ्या अशा भरून आल्या की रात्री पाय उशीवर ठेवून झोपले. खिडकीतून वायर आत आलेली, म्हणून खिडकी लागत नाही. खिडकी लागत नाही, म्हणून डास. बाहेर तीच वायर उंबऱ्याला लागून गेलेली, म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक जण पाय उचलून आत येणार. गिऱ्हाईक बायका साडी सावरत यायच्या आणि म्हणायच्या, "शैलाताई, तुमच्या दारात रांगोळीच्या जागी हे काय गं!" आणि गाडी लागलेली असताना घर सोडून जायची सोय नाही. प्लग गरम झाला का बघा, लाइट गेली-आली तर बटण परत दाबा, वायरीवरून कुणाची सायकल जात नाही ना बघा. जनावर दावणीला बांधतात ना, तसं झालं होतं; फक्त नेमकं कोण बांधलंय, गाडी का मी, हे कळत नव्हतं. लोधिवली इथून किती लांब? माझी आई तिथं एकटी, गुडघे धरून बसलेली. त्या अख्ख्या वैशाखात मला एकदाही माहेरी जाता आलं नाही. आई फोनवर विचारायची, "गाडी बाळंत व्हायची हाय का गं, एवढी जवळ बसून असतेस ती?"

पण ह्यांच्या जिवाला माझ्याहून मोठा घोर होता, आणि तो मला दिसत होता, म्हणून मी गप्प होते. तो घोर म्हणजे नंबर.

खोपोलीच्या स्टँडचा एक नियम आहे. गाड्या आल्या तशा रांगेत लागतात. पहिल्या नंबरच्या गाडीपुढं जे भाडं येईल ते तिचं. लांबचं असो, जवळचं असो, परतीला रिकामं यावं लागो, पहिल्या नंबरानं नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की गाडी रांगेच्या शेवटी. आणि एका हंगामात तीनदा नाही म्हटलं की नंबरच गेला. गणपतीपर्यंत स्टँडवर गाडी लावायची नाही. माझ्या सासऱ्यांनी याच स्टँडवर आयुष्य काढलं आणि एकदाही नाही म्हटलं नाही, हे तिथं अजून सांगतात. त्यांच्याच वेळचे नाना आता स्टँडचा कारभार बघतात. नियमाला पक्के, जिभेला तिखट.

डिझेलची गाडी नाही म्हणत नाही. पंप आला, टाकी भरली, चालली. इलेक्ट्रिकचं तसं नाही. हायवेवरच्या हॉटेलात एक चार्जर, त्यापुढं मुंबईच्या गाड्यांची रांग. तिथं जाऊन उभं राहावं तर स्टँडवरचा नंबर जातो; नंबर धरून बसावं तर बॅटरी भरत नाही. तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं! पूर्वी हे गाडीत बसले की खिडकीबाहेर हात काढून, गाणं म्हणत बसायचे. आता ते पडद्यावरच्या बॅटरीच्या आकड्याकडं बघत बसायचे. जेवताना सुद्धा मधूनच उठून गाडीत डोकावून यायचे. घास तोंडात, आणि डोळे आकड्यावर. मी म्हणायची, "अहो, वरण गार होतंय." त्यांना ऐकूच यायचं नाही.

पहिला नकार त्यांनी लोणावळ्याच्या भाड्याला दिला. बॅटरी तिसऱ्या हिश्शाला आलेली, वर घाट, मध्येच बंद पडली तर काय, म्हणून घाबरले. दुसरा नकार महाडच्या भाड्याला. त्या दिवशी ते घरी आले, चप्पल काढली आणि पायरीवरच बसले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "शैला, आता एकच राहिला गं." बापाच्या नावाला बट्टा लागणार, हे काही बोलले नाहीत. पण तेच होतं. माझा संताप संताप झाला, आणि कुणावर काढायचा ते समजेना. गाडीवर काढावा तर ती बिचारी वायर लावून मुकाट उभी. मग मी मशीनवर बसले आणि जोरजोरात पाय मारत राहिले.

तेव्हापासून मी आकड्याची राखणदार झाले. सकाळी प्लग काढायची मी, आकडा बघायची मी, आणि हे तोंड धुवून आले की सांगायची मी. आकडा शंभर असला की घरात सणासारखं वाटायचं. खरं सांगते, मी कधी देवाकडं काही मागत नाही फारसं, पण त्या दिवसांत दिवा लावताना म्हणायची, देवा, आज लाइट जाऊ नको देऊ.

आणि नेमकी आमच्याच आळीत हळद निघाली.

आमच्याकडची हळद म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लग्नाला माणसं कमी आली तरी चालतील, हळदीला कमी चालत नाहीत. मांडवभर माळा, बेंजो, भोंगे, चार बाजूंना चार मोठे पंखे. सगळं आळीतल्याच तारेवर टाकलेलं. दिवस मावळला, भोंगे सुरू झाले आणि आमची ट्यूब डोळे मिचकावायला लागली. गाडीचा हिरवा दिवा गेला, लाल आला. परत बटण दाबलं, हिरवा, लाल. आळीतल्या लग्नघरी जाऊन "जरा आवाज कमी करा, आमची गाडी जेवत नाही" असं कुठल्या तोंडानं सांगणार? हे म्हणाले, "असू दे गं. पोराचं एकदाच लग्न हाय." आणि स्वतः मांडवात जाऊन नाचून आले! मी त्या रागात जेवले नाही.

सकाळी आकडा होता अठ्ठावीस. मी सांगितला. ते गाडी काढून स्टँडवर गेले. एखादं जवळचं भाडं मिळालं तर दिवस निभेल, एवढीच आशा.

त्याच दिवशी लोधिवलीच्या स्वप्नालीचं लग्न. माझ्या माहेरच्या शेजारची पोर, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. लग्न वर खंडाळ्याच्या हॉलमध्ये, घरची सगळी मंडळी आदल्या दिवशीच वर गेलेली. मुहूर्ताला नवरी नेसते ती मामाची पिवळी साडी. मामानं आणायची आणि मामानंच नवरीला बोहल्यावर न्यायचं. हा मामा, बबन त्याचं नाव, साजगावातच कारखान्यात कामाला. रजा मिळाली नाही, म्हणून रात्रपाळी करून सकाळी सरळ आमच्या दारात उभा. काखेत साडीची पिशवी, डोळे तांबारलेले. त्या साडीवरचा ब्लाऊज माझ्याकडं. आदल्या दिवशी लाइटच्या खेळखंडोब्यात त्याची इस्त्री राहिलेली, हुकं राहिलेली.

"झाला का गं ताई?" मामा म्हणाला.

"हुकं राहिल्यात. गाडीत लावते. चल, मी पण येते."

हुकं आणि सुईदोरा घेऊन मी त्याच्याबरोबर निघाले. स्टँडवर पोचलो आणि बघते तर काय, पहिल्या नंबरला आमचीच पांढरी गाडी.

हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. वर घाट, मागं रांग, आणि आकडा किती आहे ते अख्ख्या स्टँडवर आम्हा दोघांनाच माहीत. मी म्हणू शकले असते की आम्ही मागची गाडी घेतो. पण मागची गाडी घेतली की तो ह्यांचा नकारच धरला जाणार, तिसरा. नाना खुर्चीवरून उठून पुढं आले. स्टँडवरची सगळी मंडळी बघायला लागली.

"काय रं सुधा, भाडं घरचंच हाय. जातोस का नाय म्हणतोस?"

हे माझ्याकडं बघत होते. मी ब्लाऊजकडं बघत होते.

"बसा," हे म्हणाले.

नाना हसून म्हणाले, "जा, जा. अडकलास तर फोन कर. दोर बांधून टोचन करून आणू तुला."

खोपोली मागं पडली, शिंगरोबाच्या देवळापाशी ह्यांनी नाणं टाकलं. एरवी गाडी चालती ठेवून टाकतात, त्या दिवशी थांबून हात जोडले. एसी बंद. काचा खाली. बाहेरची झळ आत येतेय, आणि मी मांडीवर पिवळा ब्लाऊज घेऊन हुकं लावतेय. आकडा पुढच्या पडद्यावर. मला मधूनच दिसायचा. चोवीस. एकवीस. घाट चढायला लागला की तो असा भराभर उतरायचा की वाटायचं, कुणीतरी आमच्या घरातलं एकेक भांडं बाहेर नेतंय.

आणि पुढं गाड्या थांबल्या. सुट्टीचा दिवस, लग्नाची तिथ, घाटात कुठंतरी ट्रक बंद पडलेला. पुढं गाडी, मागं गाडी, एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. हलायला जागा नाही. मामाचा फोन सारखा वाजतोय. वरून स्वप्नालीची आई ओरडतेय, भटजी घड्याळ दाखवतोय. मामा "आलोच, आलोच" म्हणतोय आणि लग्नपत्रिकेनं वारा घेतोय. त्याच्या कपाळावरचा घाम टपटप गळतोय.

"मामा, घाम साडीवर नको!"

"मग ठेवू कुठं ताई, घाम?"

रस्त्याच्या कडेला बायका करवंदं घेऊन बसल्या होत्या. पानाच्या द्रोणात काळी, टपोरी. मामानं हात बाहेर काढला. मी ओरडले, "खबरदार! करवंदाचा डाग ह्या साडीवर पडला तर मी तुला दरीत ढकलीन." बिचाऱ्यानं हात आत घेतला. मला स्वतःला इतकी तहान लागली होती की त्या करवंदांचा आंबटगोड वास घशापर्यंत आला. आजूबाजूच्या गाड्या गुरगुरत होत्या, दोन-तीन गाड्यांची बॉनेटं उघडून वाफा निघत होत्या. डिझेलचा धूर खिडकीतून आत. मला वाटलं, आपण आता इथून कधीच निघणार नाही. ह्या गाडीत, ह्या घाटात, ह्या उन्हात, सुई हातात घेऊन मी अशीच बसून राहणार. खरं तर गेला महिनाभर मी तशीच तर बसले होते. फक्त तेव्हा दरी दिसत नव्हती.

बऱ्याच वेळानं हे हळूच म्हणाले, "शैला, आकडा बघ."

एकोणीस. मघाशीही एकोणीसच होता.

"थांबली की खात नाय गं ही," ते म्हणाले. जीप अशी थांबली की डिझेल पीत बसायची. तिची सवय त्यांच्या डोक्यात.

मामाला तेवढ्यातही चेष्टा सुचली. "म्हणजे उपाशी पण राहती आणि आवाज पण नाय करत? शेठ, लय गुणाची भेटली तुमाला. बायको अशी पायजे!"

हे हसले. मी नाही हसले. सुई बोटात घुसली होती. "मामा," मी म्हटलं, "सुई माझ्या हातात हाय." पण त्याचं ते "बायको अशी पायजे" माझ्या डोक्यात तसंच राहिलं.

ट्रक बाजूला झाला, रांग सरकली. हॉलच्या दारात पोचलो तेव्हा मंगलाष्टकांची तयारी झालेली. मी धावत जाऊन स्वप्नालीला ब्लाऊज चढवला. शेवटचं हुक वाकडं लागलं होतं, ते पदराखाली गेलं. रात्रपाळीच्या कपड्यांतल्याच मामानं तिचा हात धरला आणि तिला बोहल्यावर नेलं. पिवळ्या साडीत ती अशी दिसत होती की मला भरून आलं. अक्षता पडल्या. हे दारात उभे होते, अक्षता टाकायची मूठ तशीच मिटलेली. आकडा सातवर आला होता.

पंगतीत बसलो, पण लक्ष सगळं त्या सातवर. ह्यांनी मांडववाल्याला प्लगसाठी विचारलं, तो म्हणाला, "लाइट गेलीय शेठ, जनरेटर भोंग्यालाच पुरत नाय." खाली उतरणं तर भाग होतं. मामा तिथंच राहिला. आम्ही दोघंच निघालो.

घाटाचं तोंड आलं आणि ह्यांनी सवयीनं गाडी न्यूट्रल केली. आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर हेच करतो. उतार आला की न्यूट्रल. तेवढंच डिझेल वाचतं. सासऱ्यांनी ह्यांना हेच शिकवलं, आणि ह्यांनी हीच गाडी महिनाभर याच घाटात अशीच उतरवली होती. गाडी सुटली तशी मी सीट घट्ट धरली. सुई घुसलेलं बोट ठणकत होतं, डोकं दुखत होतं, आणि माझा सगळा राग त्या न्यूट्रलवर निघाला.

"न्यूट्रल काढा! मला भीती वाटते. गिअरमध्ये घ्या, नाय तर मी इथंच उतरते."

"अगं, चार्ज वाचतोय—"

"वाचू दे नाय तर मरू दे! गिअरमध्ये घ्या!"

असा आवाज मी लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच लावला होता. त्यांनी दचकून गाडी गिअरमध्ये घेतली. गाडी जरा आवळल्यासारखी झाली, आपोआप हळू उतरायला लागली. मी पडद्याकडं बघत होते. महिनाभराची सवयच ती. सात. वळण. सात. आणखी एक वळण. आठ.

मला वाटलं, डोळ्यांना झापड आली. "अहो, आकडा चढला."

"चढतोय कसला, उतारावर?"

"बघा तरी!"

त्यांनी बघितलं. ब्रेकवर पाय न ठेवता, नुसती गाडीला उतरू दिली. शिंगरोबा मागं गेला तेव्हा नऊ झाले होते. वळणावरून ते मोठाले पाइप दिसले, उन्हात चमकणारे. हे एकदा पाइपांकडं बघायचे, एकदा आकड्याकडं. मग स्टिअरिंगवर थाप मारून एवढ्यांदा हसले की बाजूचा मोटारसायकलवाला वळून बघायला लागला. "शैला! पाण्याचं तेच आपलं! पाणी उतरतंय, वीज होतीय. गाडी उतरतीय, वीज होतीय! आणि मी येडा महिनाभर न्यूट्रल!" शोरूममधल्या पोरानं त्यांना हे सांगितलं असणारच. ह्यांनी मान डोलावली असणार, पण उताराला न्यूट्रल हे बापानं शिकवलेलं. ते शोरूममधल्या पोराच्या सांगण्यानं थोडंच पुसलं जातं!

दोन-तीन टक्के म्हणजे काही घबाड नव्हे. पण ह्यांची घाटाची भीती गेली, तीच मोठी गोष्ट. मी मात्र खिडकीबाहेर तोंड करून रडत होते. का ते त्यांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. महिनाभर मी पाय मारमारून ज्या आकड्याची राखण केली, तो डोंगर फुकट देत होता आणि आम्ही सोडून देत होतो. आणि दुसरं म्हणजे, मी एकदा ओरडले, तेव्हा कुठं हे कळलं.

स्टँडवर पोचलो. नानांनी विचारलं, "आलास का रं? मी दोर काढून ठेवला होता." हे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. नंबर राहिला. सासऱ्यांचं नाव राहिलं.

त्याला आता काही हंगाम होऊन गेले. साजगावात बऱ्याच खिडक्यांतून वायरी बाहेर आल्यात. गेल्या वर्षी नानांनीच इलेक्ट्रिक घेतली, आणि काय आश्चर्य, लगेच स्टँडचा नियम बदलला: चार्जिंगला लागलेली गाडी नंबरातच धरायची. आता वायरीवरच्या गाडीचा नंबर जात नाही. हे नव्या पोरांना शिकवतात, "घाटात न्यूट्रल नाय करायची बरं का," आणि असं शिकवतात की जणू ह्यांनाच स्वप्नात दृष्टान्त झाला होता. मी आतून ऐकते आणि मनातल्या मनात हसते.

मोठा मीटर अजून यायचाय. पुढच्या महिन्यात. मोटर अजून परकरात. माझा उजवा गुडघा आता आईच्या गुडघ्यासारखा वाजतो.

आज खालच्या आळीत हळद आहे, आणि माझ्या पुढ्यात ब्लाऊजचा ढीग. दुपारी मी कपाट उघडलं, मोटर काढली, पुसली आणि मशीनला बसवली. का बसवली, मला विचारू नका. दिवस कलला तसे हे आले, गाडी दारात लावली, आणि वायर हातात घेऊन आत, खिडकीपाशी आले. बोर्डात मोटरचा प्लग होता.

"काढ गं तो. गाडी लावायची हाय."

"आज नाय."

"सकाळी रसायनीचं भाडं हाय, शैला."

"सकाळी मला पण ब्लाऊज द्यायचेत. हायवेवर चार्जर हाय. नंबर जात नाय आता तुमचा."

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. हसत म्हणाले, "पहिल्या नंबरानं नाय म्हणायचं नसतं गं. नाय म्हणलं की शेवटी जावं लागतं, माहिती हाय ना?"

"मी शेवटीच उभी हाय की," मी म्हटलं. "अजून मागं कुठं जाऊ?"

ते हसायचे थांबले. माझ्याकडं बघितलं, मग खाली, पॅडलवर ठेवलेल्या माझ्या पायाकडं. मग वायर खांद्यावर गुंडाळली, उंबऱ्यावरून पाय उचलला, जरी आज तिथं काही नव्हतं तरी, आणि गाडी घेऊन हायवेकडं गेले.

मी खिडकी लावून घेतली. बटण दाबलं. मोटर आधी नुसतीच गुणगुणली, इतकी वर्षं पडून होती, मग एकदम सुटली. खाली भोंगे सुरू झाले. पंखा मंदावला. मंदावू दे म्हटलं, आणि पुढचा ब्लाऊज सुईखाली घेतला.